आत्याची सही

तंजावूरच्या मराठ्यांच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर आजोबांच्या मागं वारशाच्या वाटणीत आत्याकडे आलं होतं. ती लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. उद्या तिला कुणी घराबाहेर काढू नये, म्हणून आजोबाच तसं सांगून गेले होते. आत्या शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीनंतरही गल्लीतली मुलं तिच्याकडे येत. रस्त्याकडच्या ओट्यावर बसून ती त्यांच्या वह्यांतल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवी. तिला कुणी गुंडाळू शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिच्या दिराचा मुलगा चेन्नईतली नोकरी सोडून जवळच्याच पापनाशमला, आपल्या गावी, परत आला, तेव्हा मला बरंच वाटलं. मी कॉलेजात शिकवते, राहते तंजावूरच्या दुसऱ्या टोकाला. रोज जाणं होत नसे. तो मात्र वरचेवर यायचा. काकू, काकू करत तिच्या गोळ्या आणून द्यायचा. मग त्यानं तिचा डॉक्टर बदलला. मग फोन बदलला. आणि एका सकाळी मी गेले तर दाराला नवं कुलूप. माझ्याकडची किल्ली लागेना. दार वाजवलं तेव्हा आतून आत्याचा आवाज आला, "कोण?" नुसतं दार उघडायचं सोडून तिनं तीनदा खात्री करून घेतली.

"कुलूप कशाला बदललं?" मी विचारलं.

"तो म्हणाला, दिवस बरे नव्हेत." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "पोरगा चांगला आहे गो. मजसाठी किती धावतो."

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यानंच करवलं. नंतर विश्रांतीसाठी पापनाशमला नेतो म्हणाला. "थोडे दिवसच, अक्का. तुम्हाला कॉलेज असतं. आमच्या घरी बघायला माणसं आहेत." त्यात खोटं काहीच नव्हतं. काळा चष्मा लावलेली आत्या गाडीत मागं बसली. मी काचेवर टकटक केलं. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण काच खाली करायचं बटण तिला सापडलं नाही. गाडी निघून गेली.

पुढचे कितीतरी दिवस फोन तिच्या या पुतण्याची बायकोच घ्यायची. कधी आत्या झोपलेली असे, कधी न्हायला गेलेली. शेवटी मी न कळवता बस पकडून पापनाशमला गेले.

आत्या पुढच्या खोलीत बसली होती. कपडे स्वच्छ, केस विंचरलेले. पुतण्या तिच्याशेजारी बसला. मी विचारलं, "कशी आहेस?"

तिनं तमिळमधून उत्तर दिलं. सगळं छान आहे, काही त्रास नाही.

आत्या जन्मात माझ्याशी तमिळ बोलली नव्हती. बाजारात, देवळात, चार लोकांत आम्ही दोघी असलो की आमच्यात मराठीच असायची. पुतण्या हसला. "माझ्या बायकोला मराठी कळत नाही ना. मीच सांगितलंय, या घरात सगळे तमिळच बोलू." त्याची बायको तेव्हा मागच्या अंगणात होती.

"घरी कधी येतेस?" मी मराठीतच विचारलं. आत्या त्याच्याकडे बघायला लागली.

"ते घर आता भाड्यानं द्यायचंय," तो म्हणाला. "काकूंनी मला लिहून दिलंय." दूधवाला बदलला असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

ओळखीच्या वकीलबाईंनी मला गोष्ट उलगडून सांगितली. आत्या काही न लिहिता गेली असती, तर नवऱ्याकडून तिला आलेली शेती पुतण्याकडे गेली असती. पण बापाकडून वारशानं आलेलं घर बापाच्या बाजूला परतलं असतं, म्हणजे, माझे वडील गेल्यावर, त्या बाजूला एकट्या उरलेल्या माझ्याकडे. ते हवं असेल तर तिच्या हयातीत तिची सही घेणं भाग होतं. बक्षीसपत्राची नोंदणी झाली होती ती ऑपरेशननंतर लगेचच, काळा चष्मा असतानाच्या दिवसांत. वृद्धांना सांभाळण्याच्या बोलीवर घेतलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते, असंही त्या म्हणाल्या. मी तक्रार दिली. अशा तक्रारी ऐकणाऱ्या प्रांत अधिकाऱ्यांनी आत्याला बोलावून घेतलं.

कचेरीत पुतण्यानं आवाज न चढवता सांगितलं, "काकूंच्या मागं घर अक्कांना मिळालं असतं, म्हणून त्या आल्यात." मिळालं असतं हे खरंच होतं. प्रांत एक तरुण बाई होत्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि एकट्या आत्याशी बोलल्या. बऱ्याच वेळानं आम्हाला आत बोलावून म्हणाल्या, "आजी म्हणतात, घर त्यांनी राजीखुशीनं दिलंय. त्यांची काही तक्रार नाही."

पुतण्या गाडी आणायला गेला. व्हरांड्यात मी आत्याचा हात धरला. "आत तुला कुणाची भीती होती? खोटं का बोललीस?"

ती मराठीत बोलली, इतक्या हळू की मला वाकावं लागलं. "तू संध्याकाळी आपल्या घरी जाशील. मज त्याजबरोबरच जायाचं आहे."

"मग माझ्याबरोबर चल. आत्ता."

"लुगडी तिथंच आहेत."

"असू देत."

फाटकाशी रिक्षा उभी होती. मी तिला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. वळताना समोरून त्याची गाडी आली. त्यानं हॉर्न वाजवला नाही, की गाडी आडवी घातली नाही. फक्त काच खाली करून आत्याकडे बघितलं, आणि तिनं पदर तोंडावर ओढला.

आता ती माझ्याकडे असते. घर गेलं, तिथं भाडेकरू आलेत, ओट्याला लोखंडी जाळी बसली आहे. मी तिला फूस लावून पळवलं, अशी तक्रार पुतण्यानं दिली, तिचं पुढं काही झालं नाही. बक्षीसपत्र रद्द करण्यासाठी वकीलबाई दिवाणी दावा लावू म्हणतात, आत्या नको म्हणते. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की ती आतल्या खोलीत जाते.

गेल्या आठवड्यात तिच्या पेन्शनचा हयातीचा दाखला भरायचा होता. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिची नजर आता चांगली आहे, चष्मा समोरच होता. काय लिहिलंय ते मी सांगायला लागले, तोवर तिनं पेन उचललं होतं. "कुठं करू?" तिनं मला तमिळमध्ये विचारलं. मी काही बोलायच्या आत, न वाचता, तिनं सही केली.