बिनतारी बाईंची पोच

आमच्या बिनतारी बाईंना कुणी गप्प बसायला सांगितलं, की त्या खरोखर गप्प बसत. समोरचा बोलून दमेपर्यंत बसत आणि मग आपल्याला हवं तेच करत. "आधी ऐकायचं, मग बोलायचं. हवेतला पहिला नियम आहे," असं त्या म्हणत. हवेत म्हणजे रेडिओवर. पंचेचाळिशीच्या बाई ठाण्याला कोपरीत एका खोलीत एकट्या राहत आणि कल्याणला आमच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत. बिनतारी संदेश पाठवण्याचा सरकारी परवाना त्यांनी परीक्षा देऊन मिळवला होता. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि आमच्यातल्या निम्म्या शिक्षिकांच्या घरी साधा गाणी ऐकायचा रेडिओही नव्हता.

लढाईनंतर मुंबईच्या जुन्या बाजारात विकायला आलेला एक लष्करी सेट त्यांनी स्वतः दुरुस्त केला होता. त्याची एरियलची तार छपरावर बांधलेली. वीज पडेल म्हणून घरमालकानं एके दिवशी ती कापून टाकली आणि वर तासभर उपदेश केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं. तुमचं छप्पर तुम्हाला लखलाभ," एवढंच म्हणाल्या आणि दिल्लीला पत्रं लिहून खडवलीच्या नदीकाठावरून संदेश पाठवायची रीतसर परवानगी त्यांनी मिळवली.

मी तेव्हा शाळेत नवी होते, मराठी शिकवायचे. एका रविवारी नुसती गंमत बघायला गेले आणि अडकले. मोटारीची बॅटरी पिशवीत घालून एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या. नदीवर पोचलं की बाई पदर खोचून दोरीला दगड बांधत आणि जांभळीच्या फांदीवरून असा नेमका भिरकावत, की पोरांनी शिकावं. दोरीमागून तार वर जाई. मग कानाला हेडफोन लावून बराच वेळ नुसतं ऐकणं आणि त्यानंतर बोटाखालच्या खटक्याची कट्ट-कडकट्ट; तोच त्यांचा संदेश. एकदा मासे धरायला आलेली गावातली म्हातारी बघत उभी राहिली.

"काय गो बाय, मासं गावलं का?"

"ऐकत्ये आजी. लांबचे आहेत, वेळ लागतो," बाई म्हणाल्या.

म्हातारीला ते लगेच पटलं. शाळेच्या चालकांना ते कधीच पटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

बिनतारीवर बोलणाऱ्या लोकांची एक रीत होती. हवेत गाठ पडली, की दोघांनी एकमेकांना पोस्टानं पोचेचं कार्ड पाठवायचं. ठिकाण, वेळ, आवाज किती जोराचा होता, किती समजला, सगळं त्यावर लिहायचं. सिलोनहून कुणी एकदा कळवलं होतं, की तुमचा आवाज फार क्षीण होता. बाईंनी ते कार्ड कौतुकानं जपलं. "पोचेवर खोटं लिहायचं नसतं, कुसुम. खुशामत करायला बाकी जग आहे."

बाई दिवसभर घरी नसत म्हणून कार्डं शाळेच्या पत्त्यावर येत आणि तीच नडली. परक्या पुरुषांची टपालं एकट्या बाईला येतात, ही बातमी कारकुनाकडून चिटणिसांपर्यंत गेली. चालकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. यापुढे हा उद्योग करणार नाही असं लिहून द्या, नाहीतर शाळा सोडा. अर्धा तास सगळे आळीपाळीनं बोलले. बाई वहीत त्यांचं बोलणं टिपून घेत होत्या, नदीकाठी घेत तसंच.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मी लिहून देणार नाही."

मी दाराशीच उभी होते. मग मला आत बोलावलं. चिटणीस गोड आवाजात म्हणाले, "कुसुमताई, तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढंच सांगा."

माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी म्हणाले, "मी दर रविवारी जाते. बॅटरीची एक बाजू मीच उचलते. तिथं लाज वाटावी असं काही नसतं."

"काय? मोठ्यानं बोला!"

मी पुन्हा तेच म्हणाले. दुसऱ्यांदाही आवाज मोठा झाला नाही. बाई माझ्याकडे न बघता वहीत लिहीत राहिल्या.

बाईंची नोकरी गेली. मला ताकीद मिळाली आणि ती नोटीस शिक्षिकांच्या खोलीत लावली गेली. देशावरच्या एका शाळेनं बाईंना घेतलं. कल्याण स्टेशनावर निरोप द्यायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. आवाज फुटला नाही, नीट बाजू मांडता आली नाही, असं काहीबाही बोलत राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "त्या शाळेमागं टेकडी आहे म्हणे. तार मस्त चढेल," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

महिन्याभरानं शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं कार्ड आलं. पोचेचं. बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ठिकाण: शाळेचं ऑफिस. जोर: फार कमी. समजलं: शब्द न् शब्द. दोनदा.'

मी ते माझ्या ताकिदीच्या नोटिशीशेजारी टाचणीनं लावलं. चिटणिसांनी ते काढायला सांगितलं. मी त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. निवृत्त झाले त्या दिवशी कार्ड मी स्वतःच्या हातानं काढलं आणि घरी आणलं.