आमसुलाच्या पाण्यातला दगड

बयाबाईंच्या घरात तांब्यावर हिरवा डाग दिसणं म्हणजे त्यांच्या नावाला बट्टा. लग्न होऊन पोलादपूरजवळच्या या वाडीत आल्या तेव्हापासून हंडा, घागर, बंब, सगळं आमसुलाच्या पाण्याने आणि राखेने घासायचं हा त्यांचा नेम. शेजारणी म्हणत, "बयाबाय, हंड्याला जरा इसावा दे गो!" बयाबाई हसत आणि घासत राहत.

नवऱ्याचं, रावजींचं, वेड वेगळंच. विहीर खणताना खडकाच्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचे झुबके निघाले आणि भातशेती करणारा हा माणूस दगडांच्या नादी लागला तो लागलाच. त्यातला सगळ्यांत देखणा झुबका पुण्याच्या एका संग्राहकाला देऊन त्यांनी बदल्यात मुठीएवढा हिरवा दगड आणला. आफ्रिकेतल्या तांब्याच्या खाणीतला. येईल त्याला सांगत, "ह्यो आदी लाल व्हता. क्युप्राइट. जमिनीत पडून पडून त्याचा हिरवा मॅलाकाइट झाला, पन आकार बघ, जुनाच हाय!"

मुंबईहून येणारा मुलगा राजेश हसायचा. "बाबा, टोपी घातली तुम्हाला. साध्या दगडाला कलर मारलाय." रावजी दगड उचलून परत फडताळात ठेवायचे. बयाबाईंना ते मुळीच खपायचं नाही. दगडांवरून त्या स्वतः नवऱ्याला वाट्टेल ते बोलत, पण तो हक्क त्यांचा एकटीचा होता.

यंदा शिमग्याला देवाची पालखी घरी यायची म्हणून बयाबाईंनी सगळी भांडी काढली. फडताळातला दगडही नजरेत भरला. तांबंच ना शेवटी? मग पालखीसमोर हा हिरवा कळंक कशाला? परातीत बोटभर आमसुलाचं पाणी होतं, त्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी राखेचा हात फिरवला. बुडालेल्या कोपऱ्याचं हिरवं निघून आलं. खाली काळपट लाल. बयाबाईंनी घाईघाईने दगड पुसला. त्यांनी तो कोपरा भिंतीकडे करून दगड गुपचूप जागेवर ठेवला.

पालखी आली, नाचली, ओटी घेऊन पुढे गेली. सुनेच्या, अंकिताच्या माहेरची माणसं चहाला थांबली. राजेशला नेमकी हुक्की आली. "हा बघा बाबांचा कलर मारलेला दगड!" सगळे हसले. रावजींनी मान खाली घातली.

बयाबाईंना राहवलं नाही. दगड उचलून त्यांनी तो कोपरा मुलासमोर धरला. "कलर असता तर खाली साधा दगड निगाला असता. ह्यो लाल हाय, बघ. म्या आमसुलात घातला, चूक माजी हाय. पन तुजा बाप खोटं नाय बोलला!"

राजेशचं हसू मावळलं. रावजी दगड घेऊन उंबऱ्यापाशी उजेडात गेले आणि कितीतरी वेळ तो कोपरा बघत राहिले. आता बोलणी बसणार म्हणून बयाबाई पदर आवळून उभ्या.

"बये," रावजी शेवटी म्हणाले, "माज्याबी मनात धाकधूक व्हतीच गो. खरवडून बघायचा धीरच नाय झाला कदी."

आता तो दगड लाल कोपरा पुढे करून फडताळात असतो. शेजारचा हंडा लखलखतो. दगडावर मात्र बयाबाई फक्त कोरडं फडकं फिरवतात, आणि उरलेल्या हिरव्याला कुणाला बोट लावू देत नाहीत.