आठ दिवस आळणी

धाकटीला मीठ चाटताना पाहिलं आणि ताई जागच्या जागी थिजल्या. चाळिशीची बाई, लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत उभी राहून डब्यातलं मीठ तळहातावर घेऊन चाटतेय!

"अगं, शेळी आहेस का तू?"

"राहवत नाही गं ताई."

लॉन्ड्री दोघी बहिणींची. ताई धुवायच्या, धाकटी इस्त्री करायची. तिच्या हातची घडी मोडताना गिऱ्हाईकाला जिवावर यायचं. अलीकडे मात्र दोन शर्ट झाले की ती टेबलाला टेकायची. वजन उतरलेलं, हात काळवंडलेले, अगदी तळहाताच्या रेषासुद्धा. "वाफ लागते ना," ती म्हणायची आणि ताईंनाही ते पटायचं.

आई वाढत्या रक्तदाबानं गेलेली. मीठ म्हटलं की ताईंना आईचं मरण आठवायचं. त्यांनी डबा खळीच्या पिंपामागे दडवला आणि घरचं सगळं जेवण आळणी केलं.

नवव्या दिवशी एका शर्टाची बाही अर्धी टाकून धाकटी कोसळली. कापड जळल्याचा वास आला, तेव्हा ताई धावल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला. कसाबसा लागला. मग तिचे तळहात पाहिले, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. त्याही काळसर.

"या मीठ फार खातात का?"

"खायची. मी बंद केलं," ताई ठसक्यात म्हणाल्या. "आठ दिवस वरून कणही दिला नाही."

डॉक्टरीणबाईंनी तातडीनं सुई मागवली. सलाईन आणि इंजेक्शन देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांचं संप्रेरक मूत्रपिंडांना सांगतं, मीठ राखून ठेवा. यांच्या ग्रंथी थकल्यात; हा हाता-हिरड्यांचा काळेपणाही त्यामुळेच. निरोपच जात नाही, म्हणून मीठ लघवीतून वाहून जातं आणि त्यामागे पाणी. रक्तदाब इतका उतरला, की मूत्रपिंडांचं रक्त गाळणंही मंदावलं. वरून खाल्लेल्या मिठावरच त्या तगून होत्या."

ताईंना पुढचं ऐकूच आलं नाही. आपण तिचं काय काढून घेतलं होतं!

तिसऱ्या दिवशी धाकटी उठून बसली. "शर्ट वाचला का गं?" हा तिचा पहिला प्रश्न.

"जळू दे तो शर्ट!"

आता जन्मभर गोळ्या घ्यायच्या होत्या आणि मीठ पोटभर चालणार होतं. ताईंनी पिशवीतून तो डबा काढला. झाकण काढून परत पिशवीत टाकलं.

"शेळीला चारायला आलीस?" धाकटी हसली.

ताईंना हसू आलं नाही. त्यांनी डबा तिच्या उशाशी ठेवला, उघडाच.