रोजचा कंप आणि त्या दुपारचा

मामंजींची नजर आधी गेली की हात आधी थरथरू लागले, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. साखरेचा आजार त्यांना जुनाच. सुरतेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांत मागे रक्त उतरलंय, आता उरलंय ते सांभाळा. हातांचं विचारलं तर दुसरे डॉक्टर म्हणाले, हा कंपवात, त्याचा साखरेशी काही संबंध नाही. नसेल बाबा. मला तरी दोन्ही दुखणी जोडीनंच घरात शिरलेली दिसली. दिसेनासं झालं तसं पाऊलही अडायला लागलं. उंबऱ्यापाशी येऊन उभे राहायचे, ते उभेच.

हे साठ सालानंतरचं. आमचं गाव तापीकाठचं. नवरा सुरतेला नोकरीला, सणावाराला यायचा. सासूबाई वारलेल्या, मूलबाळ नव्हतं. एवढ्या घरात आम्ही दोघंच, आणि आमचं बोलणं नाही. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर मी शेजारणीला सांगायचे, ती मामंजींना सांगायची. त्यांना काही दिसत नव्हतं, तरी माझा पदर आपला नाकापर्यंत ओढलेला. कोणासाठी, देव जाणे.

माहेरी मी एक नंबरची बडबडी. इथं कधीकधी दिवस मावळायचा नि माझा आवाज माझ्याच कानावर पडलेला नसायचा. मग गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलायचे. हसा खुशाल, पण ती निदान मान तरी हलवायची. मला फार एकटं वाटायचं. आणि दारातल्या खाटेवर बसलेल्या त्या माणसालाही वाटत असणार, हे तेव्हाही कळत होतं. कोणी न बोलता घरात वावरतंय म्हणजे सूनच, एवढीच त्यांना माझी ओळख.

सकाळी दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवरून येऊन इन्सुलिनची सुई टोचून जायचा. त्यानं बजावून ठेवलं होतं, सुईनंतर जेवण झालंच पाहिजे. साखर फार उतरली तर माणूस थरथरतो, घामाघूम होतो, भलतंसलतं बोलतो. लगेच गूळपाणी द्यायचं, नाहीतर जीव जाईल. पण उगाच गोड द्यायचं नाही, उरलीसुरली नजर जाईल. उजव्या डोळ्याला दारातला उजेड तेवढा कळायचा, म्हणून तर ते दिवसभर दारात बसायचे. सांगून कंपाउंडर मोकळा झाला. मामंजी तर रोजच थरथरायचे! त्यातला कुठला कंप रोजचा नि कुठला जीव घेणारा, हे मी ओळखायचं कसं? विचारावं, तर विचारायची सोय नाही.

एका दुपारी शेजारीण खांडबाऱ्याच्या बाजाराला गेली होती. मी ताट मामंजींच्या खाटेवर ठेवलं आणि आत गेले. सासऱ्याच्या घासाकडे बघत सुनेनं उभं राहायचं नसतं. हात थरथरून डाळ अंगावर सांडायची, त्याची त्यांना लाज वाटायची, हे मला धुण्यात धोतर आलं की कळायचं. थोड्या वेळानं डोकावले तर दोन्ही हात थडाथडा उडत होते. रोजचंच, म्हणून वळले. तेवढ्यात खाटेखाली सरकवलेलं ताट दिसलं. भाकरीचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता.

म्हणजे सुई टोचलेली आणि पोटात काहीच नाही! धावत गूळ विरघळवून आणला, पेला त्यांच्या ओठांना लावला. सदरा घामानं चिंब झाला होता. गुळाचा वास आला तशी त्यांनी मान फिरवली, दात आवळले. त्यांना वाटलं असणार, डोळ्यातला तेवढा उजेडही जाईल. मी पुन्हा पेला लावला. त्यांनी हातानं ढकलला, अर्धं पाणी सांडलं. इशारा करावा तर दिसणार कोणाला? शेजारीण नाही, गल्लीत चिटपाखरू नाही.

"पी ल्या," मी म्हणाले. "साखर उतरनी शे. नही पिनात तर जीव जाई."

ते दचकले. तोंड उघडलं, आणि मुकाट्यानं सगळं प्याले. मी आणखी एक पेला करून दिला. हळूहळू घाम ओसरला, मान सावरली, हात रोजच्याइतके थरथरू लागले. मग त्यांनी अंगावरचा सदरा चाचपून नीट केला, परक्या बाईसमोर करावा तसा.

"तुम्ही कोन शेतस, बाई?" त्यांनी विचारलं. "मन्ही सून कोठे गयी?"

मी लग्न होऊन त्या घरात आले त्याला कित्येक वर्षं झाली होती. सांगायला काय लागतं?  पण मी खाटेशी खाली बसले आणि रडायला लागले. त्यांनी थरथरता हात हवेत माझ्या दिशेनं केला.

"रडू नका, बाई," ते म्हणाले. "मन्ही सून आते येईच. ती तुमले पानी देई."