शेरामागे सात छटाक

फुई गेली, असा निरोप घेऊन माझ्या माहेरचा, कळसाडीचा गाडीवान दारात उभा राहिला, तेव्हा मी जात्यावर होते... फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. महिना झाला त्याला. बाया विचारतात, काय करायची हो तुमची फुई? मी सांगते, दगड भाजायची. हसतात. हसू द्या.

तिचे यजमान विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि आतलं बांधकाम त्यांच्या अंगावर आलं. लोक म्हणाले, नशीब. फुईनं पडलेल्या दगडांमधला चुना बोटांत धरला, तर त्याचं पीठ झालं. कायमची माहेरी आमच्याकडे आल्यावर तिनं चुन्याच्या भट्टीवरच्या एका म्हाताऱ्याला गाठून विचारलं, चांगली चुनखडी ओळखायची कशी. निव्वळ चुनखडी शेरभर भाजली तर शेराच्या सोळा छटाकांतली सात छटाक घटते, एवढं त्यानं सांगितलं. तेवढं तिनं धरून ठेवलं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडिलांनी मळ्यात विहीर खणली. चुनखडी आमच्याच नाल्यातली घ्यायची ठरली, कारण दुसरा नाला कोसभर लांब. फुईनं दोन्हीकडचे खडे उन्हात वाळवले, शेर-शेर जोखले आणि लोहाराच्या भट्टीत दिवसभर ठेवायला लावले. वडील गवंड्यासमोर म्हणाले, आक्का, विहीर बांधनी शे, पापड नही भाजना. संध्याकाळी पुन्हा जोखलं. लांबचे खडे साडेसहा छटाक घटले, आमचे तीनच. वडील खूश. आपला दगड पक्का, आगमाबी त्यानी वजन सोडं नही, म्हणाले. मलाही ते पटलं. कढवताना फार घटतं ते लोणी पाण्याचं, हे आम्हाला घरात माहीत होतं ना.

फुई म्हणाली, "भाऊ, मातीनं वजन आगमा जात नही. गयं ते चुनखडीनं गयं. सातमाईन तीनच गयं, म्हंजे निम्म्यानी वर माती शे." मग थांबून म्हणाली, "त्या विहिरमा तूच उतरशी ना?"

सकाळी गाड्या लांबच्या नाल्याकडे निघाल्या.

तुझं खरं होतं, असं ते तिला जन्मात म्हणाले नाहीत. पण पुढं घर वाढवायचं झालं, तेव्हा खडे आपणहून तिच्या ओट्यावर आणून ठेवले. हळूहळू गावच ठेवायला लागलं.

तेराव्याला गेले, तर ओट्यावर फडक्यात बांधलेले खडे होते. शेजारच्या गावातल्या एकाचे निघाले. ती गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मी ते जोखून लोहाराकडे दिले. शेराला पाच छटाक घटले. त्याला निरोप धाडला... सातातले पाच आहेत. गोठ्याला चालेल, विहिरीला नको.