गुरुवारी ठेवलेली मॅच

माझी नात दौंडच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. खेळाच्या सरांनी आधीच सांगितलं होतं, या मॅचला लोक आले नाहीत तर मुलींची टीम बंद. रविवार दिला मुलांच्या क्रिकेटला. मुलींना गुरुवारची दुपार. त्या आठवड्यात शेतातल्या मोटारींना लाईट दिवसा होती, म्हणून आमचं सगळं खुटबाव गाव कांद्याला पाणी देत होतं. तिचा बापसुद्धा. मी एकटी गेले. खेळता खेळता ती सारखी गेटकडे बघत होती.

सर म्हणाले, "बघा आजी, लोकांना आवडच नाही."

"लाईट कवा असती ते इचारून दिस धरायचा व्हता, सर."

ते हसले. टीम बंद झाली. खेळायचे बूट घालून नात आता कांदे काढते.