नानाकाकांना मरण जमेना

झोपायचं नाही, नुसतं आडवं व्हायचं, असं म्हणत मी दिवाणावर पडते. दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून पोटावर आलंय. गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारतंय. ती लागत नाही, तो परत मारतोय. स्वयंपाकघरात काकू आहे, पण आवाज नाही. भांड्याचासुद्धा नाही.

या दिवाणावर हल्ली कुणी बसत नाही, कारण नानाकाका इथंच गेले. मला त्याचाच राग येतो. दिवाणानं काय केलंय?

नानाकाका म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ, बळवंत इंगवले. नाव सांगून कुणाला कळत नाही. फोटो दाखवला की म्हणतात, "अरे, हे व्हय!" गेले त्या दिवशीसुद्धा दारात दोघं भांडत होते. एक म्हणतोय पिक्चरमधला वकील गेला, दुसरा म्हणतोय वकील कुठला, सावकार तो. दोघंही बरोबर होते. पेपरात तर हवालदाराच्या टोपीतला फोटो आला, कुणीतरी फोन करून विचारलं, पोलिसात कधी होते? नाटकात, पिक्चरमध्ये, शेवटी शेवटी सीरियलमध्ये, काका सगळं होते. डॉक्टर, दारुडा, सरदार, हेडमास्तर. एकदा विधवा आत्यासुद्धा झाले होते, आणि बायकांच्या बाजूनं टाळ्या जास्त आल्या होत्या. हिरो कधीच नाही. पण मध्यंतराच्या आधी मरणारा बाप लागला की पहिला फोन आमच्या घरी यायचा.

मरायची तालीम काका घरी करायचे, याच दिवाणावर. समोर बुटक्या पाटावर काकू भाजी निवडत बसायची. ती त्यांची मास्तर. काका छाती धरायचे, गचके द्यायचे, हात खाली लोंबू द्यायचे. काकू मान वर न करता म्हणायची, "लई झालं. कमी करा. परत करा." ती "जमलं, उठा" म्हणेपर्यंत काका उठायचे नाहीत. जेवण गार होऊ दे, दारात पाहुणे येऊ देत. मी इथं राहायला आले तेव्हा मला वाटलं, ही दोघं येडी आहेत. मग सवय झाली. मेलेल्या माणसाला ओलांडून मी चहा आणायला जायचे.

त्या सकाळी काका दिवाणावर पडले. गचका नाही, हात नाही, काही नाही. काकू मेथी निवडत होती. म्हणाली, "आता एवढंबी कमी नको. काहीच कळंना. परत करा."

ते परत झालंच नाही.

तेव्हापासून काकू बोलत नाही. लोक येतात, रडतात, जातात, ती बघत बसते. ताट पुढं ठेवलं की सरकवते. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दवाखान्यात न्यावं लागेल, सलाईन लावावी लागेल. मी ओरडून बघितलं. ताट आपटून बघितलं. मला दुसरं काय येतं? शाळासुद्धा मी दप्तर आपटूनच सोडली.

किक. किक. ऊन पोटावरून छातीवर सरकतं.

"सरक की जरा. पाय ताणून झोपलीस, माझी जागा हाय ती."

नानाकाका उभे आहेत. अंगावर हवालदाराचा ड्रेस, मिशी एका बाजूनं सुटलेली.

"तुम्ही मेलाय," मी म्हणते.

"कुठलं? तेच तर जमंना झालंय."

मी सरकते. दिवाण आधी होता त्यापेक्षा लांब आहे. सरकत जाते तरी कड येत नाही, आणि पाय खाली सोडते तर फरशी नाही, लाकडी फळ्या आहेत. समोर पडदा आहे. त्याला धूळ आणि उदबत्तीचा वास येतोय. काका आता सरदार झालेत. वाकून फळीला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात. भाला कुठनं येतो दिसत नाही. काका गुडघ्यावर येतात, पडतात. पलीकडच्या काळोखात पुष्कळ माणसं बसलीत, पण एकजण खोकत नाही.

काका एक डोळा उघडतात. "काय म्हणाली?"

"कोण?"

"तुझी काकू."

"ती इथं नाहीये."

"मग परत," काका म्हणतात आणि उठून पगडी सरळ करतात.

परत भाला. परत गुडघे. यावेळी ते खाटेवर पडतात, आणि ती दवाखान्यातली खाट आहे. भिंत हिरवी, हात लावला तर प्लायवूड. भिंतीच्या मागं आमची भाजी मंडई आहे, ओळखीच्या जागी भाजीच्या ओळखीच्या पाट्या, पण सगळ्या पाट्या रिकाम्या. काकांची मिशी पांढरी झालीय. कॅमेरा नाही. कॅमेऱ्याच्या जागी एक बुटका पाट मांडलाय आणि त्याच्यावर कुणी नाही. काका त्या पाटाकडं बघून खोकतात, काहीतरी पुटपुटतात, मान टाकतात. मग थांबतात. थांबूनच राहतात.

"बास की आता!" मी म्हणते. "कुणीसुद्धा बघत नाहीये."

"घसा सुकलाय. पाणी दे."

मी तांब्या वाकडा करते. आत पाणी रंगवलेलं आहे.

काकांकडं बघवत नाही. सदरा पाठीला चिकटलाय. जिवंतपणी कधी दमलेले दिसले नव्हते, दोन शोच्या मधल्या वेळात उभ्यानं झोपायचे. आता उशीवरची मान उचलत नाहीत. मला कळतं ते काय करतायत. मी खाटेवर चढून ओरडते, "जमलं! उठा!"

काका एकच डोळा उघडतात. "तू कोण सांगणार? आदी दहावी तरी हो."

"तुमच्यापेक्षा बरं मरून दाखवीन."

"दाखव."

मी मरते. छाती धरते, डोळे फिरवते, धाडकन पडते.

"लई झालं," काका म्हणतात. हसतात का नाही, मिशीमुळं कळत नाही.

मी पडल्या पडल्या वर बघते तर वर माझ्या शाळेतला पंखा आहे, एक पातं वाकलेलं. वर्ग भरलाय. प्रत्येक बाकावर नानाकाका. पहिल्या बाकावर वकील, शेजारी सावकार. खिडकीपाशी दारुडा, त्याच्या मागं आत्या डोक्यावरचा पदर सारखा करतीय. काही काका मी पाहिलेलेच नाहीत. तरणे, काळ्या केसांचे, माझ्या जन्माच्या आधीचे. फळ्यापाशी हेडमास्तर आहेत, ते छडी आपटतात. पहिल्या बाकावरचा वकील छाती धरतो आणि डोकं बाकावर टेकतो. मग सावकार. मग आत्या. एकेक डोकं खाली जातं, ओळीच्या ओळी. कुणी आवाज करत नाही. शेवटी हेडमास्तर टेबलावर पालथे पडतात.

मग सगळ्यांचा एकेक डोळा उघडतो. सगळे दाराकडं बघतात.

दारात कुणी नाही.

मी पळत टेबलापाशी जाते, हेडमास्तरांची गचांडी धरते. "नानाकाका, मला नीट सांगा. त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं का? ती काय म्हणाली ते?"

ते उठून बसतात. चष्मा काढून टेबलावर ठेवतात. मिशीचं टोक धरून हळूहळू ओढतात, कातडी ताणली जाते, मिशी सुटते. बाकं रिकामी झालीत.

"ऐकलं की."

"राग आला?"

"राग?" काका ओठावरचा गोंद बोटानं चोळतात. "अगं, आख्खा जन्म म्हणत आली, कमी करा, कमी करा. आणि एकदा कमी केलं तर म्हणती काहीच कळंना! हसायला आलं मला. पण मेलेला माणूस हसला म्हणून आणिक ओरडली असती. म्हणून दाबून धरलं."

"ती बोलत नाही, काका. जेवत नाही. तिला वाटतंय तिचं तेवढंच ऐकून तुम्ही गेला."

"गेलोय कुठं? जाता येत असतं तर हितं कशाला मरालोय सारखा?" ते दाराकडं बघतात. "मी मरायचं आणि तिनं सांगायचं, असं ठरल्यालं हाय आमचं. माझं झालं. तिचं ऱ्हायलंय."

"तिला तुम्हीच सांगा ना. तिच्या स्वप्नात जा."

"झोपंल तर जाईन न्हवं? डोळ्याला डोळा लागंना तिचा."

वर्गाच्या भिंती लांब चालल्यात. फळा पार लांब गेलाय. काका माझं मनगट धरतात, घट्ट. हात गरम आहे. चिकट आहे.

"सांग तिला."

"माझं कोण ऐकतंय? मी बोलले की भांडणच होतं."

"ओरडू नगंस," काका म्हणतात. त्यांचा चेहरा अगदी मोकळा आहे, त्याच्यावर कुणी वकील नाही, सावकार नाही. असा मी त्यांना कधी बघितलेला नाही. "तूबी जरा कमी कर."

माझे डोळे उघडतात. ऊन भिंतीवर चढलंय. तोंडाला कोरड पडलीय आणि उजवं मनगट चादरीला चिकटलंय. मी ओढते तर चर्रर होतं.

मनगटावर गोंदाचा पट्टा आहे. पिवळसर, अजून पुरता वाळलेला नाही. त्यात पांढरे, मिशीचे केस.

मेकअपची पेटी नाटकवाले येऊन घेऊन गेले. गोंदाची बाटली त्यातच होती. घरात दुसरी नाही, मी सगळी कपाटं आवरलीत.

स्वयंपाकघरात काकू भिंतीला टेकून बसलीय. सकाळचं ताट तसंच झाकलेलं. मला सगळं एकदम ओरडून सांगावंसं वाटतं. मी खाली बसते. मनगट तिच्या पुढं धरते.

"काकू, नानाकाका अडकून पडलेत," मी म्हणते. आवाज माझा मलाच ओळखू येत नाही, इतका हळू. "तू परत करा म्हणालीस. ते परतच करतायत. हवालदार होऊन, सरदार होऊन. थांबतच नाहीत. लई दमलेत गं. राग नाही आलेला त्यांना. हसायला आलं, म्हणाले. तू ओरडशील म्हणून दाबून धरलं."

काकू मनगट हातात घेते. नाकाशी नेते, वास घेते. अंगठ्यानं गोंद चोळते, एक केस ओढते. मला कळ येते, मी हात मागं घेत नाही.

"किती येळा केलं?" काकू विचारते. घशात गंज चढल्यासारखा आवाज.

"लई येळा."

"माझी वाट बघत?"

"दरवेळी."

ती भिंत धरून उठते. मी हात द्यायला जाते तर झटकते. बाहेरच्या खोलीत येते आणि दिवाणासमोर उभी राहते. मी झोपले होते तिथली चादर चुरगळलीय, माणसाएवढी. काकू बघत राहते. तालमीला भाजीवरची मान वर न करणारी काकू टक लावून बघते, पायथ्यापासून उशीपर्यंत. मला वाटतं आता रडणार.

"जमलं," ती म्हणते.

पुढचा शब्द तिच्या ओठावर येतो. मला दिसतो. ती तो गिळते.

"पडा आता," काकू म्हणते. "निवांत पडा."